मी सुधारलेला ढोल

वाद्यं दुरुस्त करण्यात माझं उभं आयुष्य गेलं आणि मला एकही वाद्य वाजवता येत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण दुकानात येणारा प्रत्येक जण हटकून तेच विचारतो. तबल्याची पुडी, म्हणजे वरचं कातडं, चढवून झाली, सूर सगळीकडे सारखा लागतोय का ते बघायला मी चार टिचक्या मारल्या, की गिऱ्हाईक डोळे मिटून मान डोलवायच्या तयारीला लागतं. त्याला वाटतं, आता काहीतरी ऐकायला मिळणार. मी तबला त्याच्या मांडीवर ठेवतो आणि म्हणतो, झालं.

आमचं घर भातकुलीजवळच्या खेड्यातलं, कुणब्याचं. काळी शेती, कपाशी, तूर, ज्वारी. अशा घरातला मुलगा कातड्याच्या धंद्यात कसा शिरला, याचं उत्तर सरळ आहे. मामानं मला अकोल्याला कापसाच्या जिनिंगमध्ये चिकटवून दिलं आणि जिनिंगच्या वाटेवर रहीम उस्तादांचं दुकान होतं. मी जाता-येता तिथं उभा राहायचो. पुढं पुढं फक्त यायला लागलो, जिनिंगमध्ये जाणं बंद झालं. वडील महिनाभर बोलले नाहीत. आईनं मात्र एकच अट घातली. "शेरडीच्या कातड्याले हात लाव बाप्पा, पण बैलाच्या कातड्याले नोको लावू. आपण पोळ्याले त्याच्या पाया पडतो." मी शब्द दिला. तबला, ढोलकी, डग्गा, सगळं शेळीच्या कातड्यावर भागतं. शब्द पाळायला कठीण नव्हता.

धंदा काय असतो ते थोडक्यात सांगतो. वाद्याचं कातडं माणसाच्या तब्येतीसारखं असतं. पावसाळ्यात त्याला सर्दी होते, ते सैल पडतं आणि भद्द वाजतं. आमच्या वैशाखात ते इतकं ताणतं, की कोणी हात न लावता खुंटीवरच्या खुंटीवर फाटतं. कातड्याला ताण देणारी जी चामड्याची पट्टी असते ती वादी. वादी ओढायची, हातोडीनं ठोकायचं, कान लावायचा, पुन्हा ठोकायचं. बस, एवढंच. बाकीचं सगळं कानात असतं, आणि माझ्या कानाचा मला भारी अभिमान होता. दुकान अमरावतीला थाटल्यावर तर भजनी मंडळी वलगावहून पायी चालत माझ्याकडे ढोलक्या आणू लागली. तिशीतल्या माणसाला तेवढं डोक्यात जायला पुरे होतं.

त्या काळी आमचं वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं. कचेरीत अर्धे साहेब हिंदी बोलणारे, अर्धे मराठी, आणि सातपुड्यात राहणाऱ्यांना दोन्ही भाषा पाहुण्यांच्याच. कपाशी घरात आली, की थंडीत अमरावतीच्या मैदानावर शेतीचं प्रदर्शन भरायचं. मोठाले मुळे, बैलजोड्या, नव्या तऱ्हेचे नांगर. एका वर्षी प्रदर्शनाचे चिटणीस बापूसाहेब वकील यांच्या मनात आलं, की यंदा नुसते मुळे दाखवायचे नाहीत. प्रांतात जेवढ्या तऱ्हेची माणसं नाचतात, गातात, त्यांना तीन दिवस एका मांडवाखाली आणायचं. पातूरची दंडार, अकोल्याचे कव्वाल, तांड्यावरचे बंजारे, छत्तीसगढचे मांदर वाजवणारे, मेळघाटातले कोरकू. बापूसाहेब हौशी होते आणि दूरदर्शीही. इतकी वाद्यं एवढ्या लांबून यायची म्हणजे मोडणारच, म्हणून त्यांनी मला मांडवामागं एक राहुटी दिली आणि वर पाटी लावली, 'वाद्यांचा दवाखाना'.

शेजारीच जनावरांचा भाग होता. पाटीतला 'दवाखाना' तेवढा लोकांनी वाचला. पहिल्या दिवशी सकाळी माझ्याकडे दोन लंगडे गोऱ्हे आणि एक फुगलेली बकरी आली. त्यांना कसंबसं पुढं धाडलं, तर वलगावची एक म्हातारी येऊन समोर बसली आणि पदर बाजूला करून कान पुढं केला. कोणीतरी तिला सांगितलं होतं, की इथं वाजणाऱ्या गोष्टी पाहतात. "मह्या कानात पोळ्यापासून वाजून राह्यलं," ती म्हणाली. मी खूप समजावलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मंग तुह्याजवळ तेल तं असन." तेल होतं. माझ्या एरंडेलाचे दोन थेंब कानात घालून घेऊन ती समाधानानं बैलजोड्या पाहायला गेली.

त्या दिवशी मी जत्रा पाहिली ती अशी, राहुटीत बसून, कानानं. पुढं काय चाललंय ते दिसत नव्हतं, पण प्रत्येक जण माझ्याकडे येऊन जात होता. बंजाऱ्यांचा नगारा आला, दंडारीची ढोलकी आली, मांदर आला. कव्वालांची पेटी मी नमुन्याला ठेवून घेतली होती. तिचा एक सूर धरायचा आणि येईल ते वाद्य त्या सुराला आणून बसवायचं, असा सपाटा लावला. कव्वालांच्या म्होरक्यानं तारीफ केली. बापूसाहेब दोनदा डोकावून गेले. दुपारपर्यंत मला वाटू लागलं, की हा सगळा उत्सव माझ्याच हातोडीवर उभा आहे.

दुपारनंतर कोरकू आले. पुढं सोमा नावाचा म्हातारा, ढोल त्याचा. मागं त्याची सून फुलमा, नाचणाऱ्या बायकांच्या रांगेत ती पहिली असायची. घाटातून उतरताना गाडीतून ढोल पडला होता आणि त्याची दोरी तुटली होती. सोमानं तुटकं टोक दाखवलं आणि मोडक्यातोडक्या वऱ्हाडीत म्हणाला, की बाबू, फक्त दोरी. मी म्हटलं, ठेवा, करून ठेवतो. त्यांना उतरायला गावाबाहेरची शाळा दिली होती, ते तिकडं गेले.

ढोल मी मांडीवर घेतला. आख्खं लाकूड कोरून केलेला, जुना, जड. एका तोंडाचं कातडं इतकं जाडंभरडं की त्यावर केस उरले होते. आतून काळा, भेगाळलेला लेप. मला वाटलं, बिचाऱ्यांना डोंगरात कोण कारागीर मिळणार. असंच वाजवत असतील, जसं जमेल तसं. दोरी बदलणं दहा मिनिटांचं काम, पण माझ्या अंगात त्या दिवशी औदार्य शिरलं होतं. कातडं कशाचं याचा विचारही न करता मी ते उतरवलं, लेप खरवडून फेकला, शेळीचं स्वच्छ पातळ कातडं चढवलं आणि ढोल पेटीच्या सुराला आणून ठेवला. जुनं कातडं मजबूत होतं, टाकवेना. त्याच्या वाद्या कापल्या. त्यातल्या बऱ्याचशा बंजाऱ्यांच्या नगाऱ्याला लगेच उपयोगीही पडल्या. काटकसरीचाही मला अभिमान होता.

दुसऱ्या दिवशी कोरकूंना शाळेहून निघायला उशीर झाला. ते थेट मांडवाशी आले तेव्हा त्यांचंच नाव पुकारलं जात होतं. मी ढोल पायरीपाशी नेऊन दिला. सोमानं एक थाप मारली. टणकन, घंटेसारखा स्वर आला. त्यानं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. वाटेत आपल्या घराचं दार समजून ढकलावं आणि आत भलतीच माणसं जेवत बसलेली दिसावीत, तसं. मग तो वर गेला.

पहिल्यांदाच मी राहुटी सोडून पुढं पाहायला गेलो. आपलं काम पाहायला. बायका एकमेकींच्या कमरेत हात घालून रांगेत उभ्या होत्या, समोर सोमा आणि बासरीवाला. नाच सुरू झाला आणि चार पावलांतच रांग अडखळली. पुन्हा जुळली, पुन्हा अडखळली. एक बाई डावीकडे वळली, तिच्या शेजारची उजवीकडे. फुलमा मान वळवून वळवून ढोलाकडे पाहत होती. माझा ढोल टणटण सुरात वाजत होता आणि त्या सुरात कोणालाच नाचता येत नव्हतं. मागून कोणी हसलं. मग सगळेच हसले. हसण्यात वाईट काही नव्हतं, जत्रेला आलेली माणसं हसतातच. पण वरच्या बायकांनी हात सोडले आणि खाली पाहत उभ्या राहिल्या.

बापूसाहेब माझ्याशेजारीच होते. म्हणाले, या मंडळींची तयारी झालेली दिसत नाही, उद्याची त्यांची वेळ आपण कव्वालांना देऊ. मी काही बोललो नाही. ते मौन मला अजून टोचतं.

राहुटीत परतलो तर सोमा आत बसला होता, ढोल शेजारी ठेवून. मीच बोलायला सुरुवात केली. कातडं खराब होतं, लेप कुजला होता, आता सूर बघा कसा स्वच्छ आहे. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "बाबू, बाया वळतात ते ढोलात घुम् वाजते तवा. तो घुम् कुठी हाय?"

त्यानं जुनं कातडं मागितलं. मी टोपलीतल्या उरलेल्या वाद्या त्याच्यापुढं ठेवल्या. त्यानं एक उचलली, बोटानं केस चाचपले आणि मग ती गुडघ्यावर सरळ करून ठेवली.

"हा चांद्या होता," तो म्हणाला. "आमचा बैल. मेला तवा घरात कोणी जेवलं नाही. मंग याले ढोलावर घेतला."

मी कुणब्याच्या घरातला. आमच्याकडं बैल गेला तर बांधावर खड्डा करून पुरतात, वडील आमच्या ढवळ्याला पुरताना लहान मुलासारखे रडलेले मी पाहिले आहेत. आणि मी कोणाच्या तरी चांद्याच्या वाद्या कापून नगाऱ्याला गुंडाळल्या होत्या. मला वाटत होतं, सोमानं मला चार शिव्या दिल्या असत्या तर सोपं झालं असतं.

मी त्याला म्हटलं, उद्या दुपारपर्यंत ढोल इथंच ठेवा, आणि राहुटी बंद करून बडनेऱ्याला गाडी पकडली. दिवेलागणीला अकोल्यात उस्तादांच्या दारात होतो. उस्ताद आता फारसं काम करत नसत, बाजेवर बसून सुपारी कातरत. मी सगळं सांगितलं, थोडं स्वतःच्या बाजूनं. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला आणि विचारलं, "महादेव, पहले वो कैसा बोलता था?"

मी म्हटलं, माहीत नाही.

"बजा के नहीं देखा?"

दोरी तुटली होती, पण कातडं धड होतं. एक थाप मारली असती तरी कळलं असतं. मला ते सुचलंही नव्हतं. उस्तादांनी सुपारीचं एक खांड तोंडात टाकलं, उठले, आतून जुन्या मोडक्या नगाऱ्यावरचं एक जाड, वापरून मऊ झालेलं कातडं काढून आणलं आणि माझ्या पिशवीत घातलं. कशाचं ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी परतताच कातडं भिजवलं आणि कामाला लागलो. या वेळी शेजारी सोमा आणि फुलमा. चढवायचं मी, सांगायचं त्यांनी. मी सवयीनं ताण द्यायला लागलो, की सोमा माझ्या मनगटावर बोट ठेवायचा. लेप फुलमानं केला. डोंगरात पिकणारं बारीक धान्य, कुटकी, मऊ शिजवलेलं, राख आणि माझंच एरंडेल. मला वाटलं राख जास्त होतेय, म्हणून हात पुढं केला, तर तिनं माझ्या हातावर चापट मारली आणि आपलं मळणं चालू ठेवलं. धंद्यात माझ्या हातावर चापट मारणारी उस्तादांनंतर ती पहिलीच.

ढोल उन्हात ठेवून मी बापूसाहेबांना गाठलं. ते घाईत होते. म्हणाले, "महादेवराव, कव्वालांना शब्द दिलाय मी. आणि काल लोक हसले, ते तुम्ही पाहिलंत."

मी म्हटलं, "लोक माझ्या कामाला हसले, साहेब. कोरकू चुकले नाहीत. ढोल मी बिघडवला."

ते थांबले. चष्मा पुसून त्यांनी मला विचारलं, "हे तुम्ही मांडवात उभं राहून सांगाल? नाहीतर मी त्यांना कोणत्या तोंडानं पुन्हा बोलावू?"

वकील माणूस, पेचात धरणं त्यांच्या अंगात होतं. पण त्यांचं चुकीचं नव्हतं. मांडवात माझी निम्मी गिऱ्हाइकं बसलेली असणार होती. वलगावचे भजनी, दंडारवाले, कव्वाल. मी हो म्हटलं, आणि परत राहुटीत जाऊन लोटाभर पाणी प्यालो.

कव्वाल तरी समजूतदार निघाले. म्हणाले, आधी त्यांचं होऊ द्या, आम्ही पुढं गाऊ. उन्हं उतरायच्या आत बापूसाहेबांनी माझं नाव पुकारलं. मी उभ्या आयुष्यात कधी चार माणसांपुढं बोललो नव्हतो. समोर पहिल्या रांगेत हिंदीकडचे साहेब, मागं मैदान भरलेलं. पाठ केलेलं सगळं विसरलो. जे आलं ते असं होतं, "काल तुम्ही ज्या नाचाले हसले, तो ढोल मी खराब केला होता. यायनं फक्त दोरी लावाले देल्ला होता. मी त्याचं कातडं बदललं. न विचारता. आता पाहा."

लोक हसले. या वेळी माझ्यावर. मागून कोणीतरी ओरडलं, की मह्या ढोलकीचंबी तूच वाटोळं केलं का रे. मी मान डोलावली आणि खाली उतरलो. खाली उतरताना बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

मग सोमानं थाप मारली. तो आवाज मी कानानं ऐकला असं म्हणवत नाही, तो पायातून आला. दुरून, जमिनीखालून कोणी हाक मारावी तसा. बायकांची रांग वळली. पुन्हा घुम्, पुन्हा वळली, सगळ्या एकदम, वाऱ्यावर ज्वारी वळावी तशी. हसायला आलेलं मैदान हळूहळू गप्प झालं, आणि नाच संपल्यावर लोकांनी तो पुन्हा मागितला. कव्वालांनी आणखी एकदा आपली वेळ दिली. एकदा तर फुलमा अडखळली, मला वाटलं गेलं सगळं, पण तिच्या शेजारणीनं तिला ओढून घेतलं आणि दोघी हसत पुढं गेल्या.

निघताना मी सोमाला विचारलं, आधीसारखा वाजला का. त्यानं मान हलवली, नाही. मग माझं तोंड पाहून म्हणाला, "नवा हाय. शिकन." उरलेल्या वाद्या त्यानं धोतराच्या सोग्यात बांधून नेल्या. नगाऱ्यावरच्या तेवढ्या तांड्याबरोबर गेल्या होत्या.

पुढच्या आठवड्यात गावी गेलो तेव्हा आईला सगळं सांगितलं, उस्तादांच्या कातड्यासकट. तिनं चुलीपुढून न उठता विचारलं, "कशाचं होतं?" मी म्हटलं, विचारलं नाही. ती भाकरी उलटत म्हणाली, "मंग मीबी इचारत नाही." विषय संपला.

त्या भाषणाचा परिणाम माझ्या धंद्यावर झाला. काही गिऱ्हाइकं खरंच तुटली. काही नवी आली, ती केवळ मला पाहायला. मी मात्र एक खोड लावून घेतली, वाद्य कितीही मोडलेलं असो, आधी मालकाला ते वाजवायला लावायचं. एक कीर्तनकार यावरून इतके चिडले, की फुटका डग्गा वाजवून दाखवायला मी काय वेडा आहे का, म्हणत निघून गेले. पण जे थांबले त्यांच्याकडून मी पुष्कळ शिकलो. अमुक एक भद्दपणा भजनी मंडळाला हवाच असतो, तमुक ढोलकी जरा फाटल्यासारखीच वाजली पाहिजे, हे मला तोवर कोणी सांगितलं नव्हतं, कारण मी विचारलंच नव्हतं. सोमाच्या ढोलाचा आधीचा आवाज मात्र मी कधी ऐकला नाही. आता ऐकू शकणारही नाही. तो चांद्याबरोबर गेला.

बऱ्याच वर्षांनी, वऱ्हाडावरचं इंग्रजांचं राज्य गेलं होतं तेव्हा, परतवाड्याच्या बाजारात एक बाई मोहाची फुलं आणि चारोळी घेऊन बसली होती. मी भाव विचारायला वाकलो तर ती माझ्या तोंडाकडे पाहतच राहिली. मग म्हणाली, "तुमी ढोलवाले ना? अमरावतीचे?"

ती फुलमा होती, केस पांढरे झालेली. सोमा गेला, तिनं सांगितलं. ढोल आता तिचा मुलगा वाजवतो. दोन्ही लेकींच्या लग्नात तोच होता. म्हातारा लोकांना गोष्ट सांगायचा, की अमरावतीत एक माणूस सगळ्या गावापुढं उभा राहून म्हणाला, मी बिघडवला. कोणाला खरं वाटायचं नाही.

मी विचारलं, आता ढोलाला काही दुखणं वगैरे आहे का. ढोल ठणठणीत होता, पण घरातली एक ढोलकी फुटली होती, तिनं सांगितलं, आणि लगेच चारोळीवर हात ठेवून म्हणाली, "पण तुमच्याकडं नाही आणत, बाबू."

आजूबाजूच्या बाया हसल्या, मीही हसलो. मी म्हटलं, नका आणू. मीच येतो.

पुढच्या बाजाराला हत्यारांची पिशवी घेऊन तिच्याबरोबर डोंगर चढलो. ओसरीवर घोंगडी टाकून तिनं मला बसवलं, मोहाच्या फुलांची भाकर खायला दिली, आणि तिच्या मुलानं ढोलकी आणून माझ्यापुढं ठेवली. मी पिशवी उघडायला गेलो, तर ती म्हणाली, थांबा, आधी आम्ही वाजवतो. दिवस मावळेपर्यंत त्यांनी ती फुटकी ढोलकी वाजवली आणि मी ऐकत बसलो.